तीनचाकी अंगाला बसली पाहिजे

शिबिरांचा हंगाम आला की आपल्या वस्त्यांत बॅनर लागतात. मोफत साहित्य वाटप, मान्यवरांची उपस्थिती, चहापाण्याची सोय. मंडपात तीनचाकी सायकली ओळीने उभ्या असतात. नाव पुकारले जाते, माणसाला उचलून गाडीवर बसवतात, फोटो निघतो आणि गाडी घरी येते. पुढे काय होते ते फोटोत दिसत नाही. या पानासाठी वस्त्यांत फिरताना आम्हाला अशा बऱ्याच गाड्या भेटतात. एक विहाराच्या मागे उभी, तिच्यावर गोधड्या वाळत घातलेल्या. एक सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीला टेकवलेली, तिचे पुढचे चाकच नाही. एकीवर पाण्याचे कॅन रचलेले. आणि जिच्या नावावर गाडी आहे ती व्यक्ती घरात, फरशीवर हातांच्या आधाराने सरकते आहे.

लोक म्हणतात, फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही. आम्हाला हे पटत नाही. घरात बसून विचारपूस केली की कारण वेगळेच निघते. गाडी गल्लीत वळत नाही. ज्या हातात जोर नाही त्याच हाताला दांडा आला. बसून बसून बैठकीला जखम झाली आणि दवाखान्यात दोन महिने गेले. चेन तुटली, सायकलवाला म्हणाला ही आमच्याकडची नाही. म्हणजे माणसाने गाडी टाकली असे नाही, गाडीच त्याच्या अंगाला बसली नव्हती. चप्पल घेताना आपण नंबर बघतो, पायात घालून दोन पावले चालतो. रोज आठ-आठ तास जिच्यावर बसायचे ती गाडी मात्र जशी पुढे येईल तशी घेतो.

ज्या सरकारी योजनेतून यातल्या बहुतेक गाड्या येतात ती एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ असा: अपंग व्यक्तींना साधने खरेदी करण्यासाठी आणि ती बसवून घेण्यासाठी साहाय्य. बसवून घेणे हे नावातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने हाताने चालणाऱ्या चाकाच्या खुर्च्यांबद्दल २००८ मध्ये मार्गदर्शक पुस्तिका काढली. माणसाची तपासणी, माप, गाडी जुळवून देणे, चालवायला शिकवणे आणि नंतरची दुरुस्ती हे सगळे मिळून गाडी देणे होते, असे ती सांगते. मंडपातून गाडी बाहेर पडली म्हणजे काम संपले, असे कुठल्याच कागदावर लिहिलेले नाही. तेव्हा माप मागण्यात संकोच नको. ते मागणे म्हणजे नखरे नव्हेत. (सरकारी कागदावर आता दिव्यांग हा शब्द आहे. घरोघरी आणि अनेक संघटनांत अपंग हाच शब्द चालतो, म्हणून इथेही तोच ठेवला आहे.)

ही गाडी कोणासाठी, कोणासाठी नाही

हाताने चालवायची तीनचाकी म्हणजे मागे दोन मोठी चाके, पुढे एक, मध्ये खुर्ची, आणि पायडलच्या जागी हाताने फिरवायचा दांडा. दांड्यावरून चेन चाकाला जाते. काही गाड्यांत दांडा खुर्चीच्या एका बाजूला असतो, काहींत समोर मध्यभागी. मागून ढकलण्यासाठी पाठीला मूठ असते.

पायांत बळ नाही, पण पाठ सरळ धरता येते आणि निदान एक हात चांगला आहे, अशा माणसाला ही गाडी रस्त्यावर स्वातंत्र्य देते. पोलिओ झालेले, पाय कापावा लागलेले, मणक्याला मार बसून कमरेखालचा भाग गेलेले, यांतले पुष्कळजण तिच्यावर बाजार, कामधंदा, मुलांची शाळा सगळे सांभाळतात. ज्यांना आधाराशिवाय बसताच येत नाही, दोन्ही हात अशक्त आहेत, नजर फार कमी आहे, किंवा फिट येते आणि ती औषधाने आटोक्यात नाही, त्यांनी रस्त्यावर एकट्याने तीनचाकी चालवू नये. त्यांना दुसऱ्याने ढकलायची खुर्चीच योग्य.

लहान मुलांबद्दल जरा थांबून सांगायला हवे, कारण चूक सर्वांत जास्त इथे होते. सेरेब्रल पाल्सी असलेले मूल पाच-सहा वर्षांचे झाले की कडेवर मावत नाही. आईची कंबर जाते. मग कुणीतरी दिलेली जुनी बाबागाडी, बऱ्याचदा तीन चाकांचीच, कामी येते. धुणीभांडी करणाऱ्या ताईंना घरमालकिणीने दिलेली असते, गाडी चांगली भारी असते. पण बाबागाडीचे आसन झोळीसारखे खोल असते. तान्ह्या बाळाला थोड्या वेळासाठी ते चालते. ज्या मुलाची मान आणि पाठ स्वतःहून सावरत नाही ते मूल रोज त्या झोळीत एका बाजूला कलते, आणि वाढत्या वयात पाठ तशीच वाकडी होण्याचा धोका असतो. कललेल्या स्थितीत भरवले तर घास श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, छातीत संसर्ग होतो. अशा मुलांसाठी वेगळी खुर्ची असते, तिला सीपी चेअर म्हणतात. तिला मानेला आणि दोन्ही बाजूंना आधार, कमरेला पट्टा आणि पायाखाली फळी असते. एडिपमधून ती मिळते. ती येईपर्यंत बाबागाडीच वापरायची असेल तर आसनाखाली घट्ट फळी घालून वर फोम ठेवा, दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या चादरी लावा, पट्टा छातीवर नव्हे तर कमरेवर, मांडीच्या सांध्याजवळ बांधा, आणि पाय लोंबकळू देऊ नका. मूल वाढते, म्हणून खुर्चीही बदलावी लागते. योजनेत एकाच कामासाठी पुन्हा साधन मिळायला मोठ्यांना तीन वर्षे थांबावे लागते, पण बारा वर्षांखालील मुलाला एकच वर्ष. हे बऱ्याच आयांना कुणी सांगितलेलेच नसते.

मोठ्यांमध्ये पोलिओची पिढी आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्यांना त्याआधी लहानपणी पोलिओ झाला त्यांतले पुष्कळजण आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. वीस-तीस वर्षे त्यांच्या खांद्यांनी पायांचे काम केले आहे. आता खांदा दुखतो, लवकर दम लागतो, पूर्वी धड असलेल्या हातातही अशक्तपणा जाणवतो. घरचे म्हणतात, वय झाले, आळस आला. पोलिओनंतर अनेक वर्षांनी असा त्रास उलटून येऊ शकतो, हे डॉक्टरांना ठाऊक असलेले दुखणे आहे. दात-ओठ खाऊन जास्त जोर लावला तर ते वाढते. अशा वेळी गाडीत हवा भरलेली, चेन मोकळी आणि दांडा योग्य अंतरावर आहे ना हे आधी पाहावे, चढावर मदत घ्यावी, आणि डॉक्टरांना दाखवून बॅटरीच्या तीनचाकीसाठी अर्ज करावा. तिचे नियम साध्या गाडीपेक्षा कडक आहेत, वयाची आणि अपंगत्वाच्या टक्केवारीची अट असते. बॅटरीची गाडी मिळालीच तर रात्री झोपताना दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नका. आग लागली तर बाहेर पडायची तीच एक वाट असते.

शिबिरात जाण्याआधी घरी टेप काढा

एडिपची शिबिरे बहुधा दोन टप्प्यांत होतात. आधी तपासणी, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी वाटप. गाड्या मुख्यतः कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यातून येतात. हा कारखाना १९७२ मध्ये स्थापन झाला. तुमच्या पावतीवर तपासणीच्या दिवशी जे लिहिले जाते तेच साधन वाटपाच्या दिवशी येते. म्हणून सगळा जोर तपासणीच्या दिवशी लावायचा. वाटपाच्या दिवशी मंडपात भांडून काही हाती लागत नाही, कारण ट्रकमधून उतरलेले तेवढेच असते.

जाताना किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र किंवा युडीआयडी कार्ड, आधार, उत्पन्नाचा पुरावा, रेशनकार्ड आणि फोटो न्या. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यामुळे पूर्वी ज्यांना नाही म्हणून सांगितले होते त्यांनी पुन्हा विचारावे. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते. ती त्या वर्षाची काय आहे हे जिल्हा परिषदेच्या किंवा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या, जुन्या पत्रकावर विसंबू नका.

कागदांइतकीच घरची मापे महत्त्वाची. तीनचाकी साधारण पावणेतीन फूट रुंद आणि सहा फुटांच्या आसपास लांब असते, आणि नेहमीची गाडी घडी होत नाही. म्हणजे ती रिक्षात जात नाही, जिन्याने चढत नाही, दहा बाय बाराच्या खोलीत मावत नाही. घरापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेत सर्वांत अरुंद जागा कोणती ते शोधा. बहुतेकदा ती गल्लीच्या मध्यावर नसते. कुणाच्या ओट्याशी, पाण्याच्या टाकीपाशी, मीटरच्या पेटीखाली असते. तिथे टेप लावा. गाडीच्या रुंदीवर आणखी निदान वीतभर जागा हवी, नाहीतर दांडा फिरवताना बोटांची सालटी निघतात. कोपरा असेल तर आणखी जागा लागेल, कारण तीनचाकी जागच्या जागी वळत नाही, तिला मोठा वळसा लागतो.

गल्ली अरुंद असेल तर हिरमुसून परत येऊ नका. आमच्या पाहण्यातली सर्वांत चांगली सोय अशी आहे: घरापासून नाक्यापर्यंत घडीची चाकाची खुर्ची किंवा कुबड्या, आणि तीनचाकी नाक्यावर, ओळखीच्या दुकानापाशी साखळीला कुलूप लावून. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा की घरात एक आणि रस्त्यावर एक अशी दोन वेगळ्या कामांची साधने लागणार आहेत. मंजूर होईलच असे नाही, पण मागितले नाही तर कागदावर येतच नाही.

मग अंगाचे माप. दांडा कोणत्या हाताला हवा, उजव्या की डाव्या, हे आपल्यासमोर पावतीवर लिहून घ्या. अर्धांगवायू झालेल्या माणसाला हे सर्वांत आधी. खुर्चीवर बसल्यावर मांडी आणि बाजूची पट्टी यांत दोन्हीकडे आडवा तळहात जेमतेम सरकला पाहिजे. जागा जास्त राहिली तर माणूस एका बाजूला कलतो, कमी राहिली तर कुल्ल्याला पट्टी घासते. पाठ टेकवून बसल्यावर आसनाची पुढची कड आणि गुडघ्याची खोबण यांत दोन-तीन बोटांची फट हवी. कड गुडघ्यामागे टोचत असेल तर पायाचा रक्तपुरवठा दबतो आणि माणूस नकळत पुढे घसरून बसायला लागतो. पाय फळीवर सपाट टेकले पाहिजेत आणि मांडी पूर्ण आसनावर विसावली पाहिजे. गुडघे वर आले तर सगळे वजन बैठकीच्या दोन हाडांवर येते, आणि जखमेची सुरुवात तिथूनच होते. शेवटी दांडा फिरवून बघा. तो सर्वांत दूर जाईल तेव्हाही कोपर थोडे वाकलेले राहावे आणि पाठ टेकलेली राहावी. दांडा खांद्याच्या वर जात असेल तर खांदा लवकर निकामी होईल.

गाडी आल्यावर यातले काही जमत नाही असे दिसले तरी मार्ग आहे. वस्तीतला वेल्डर पायाची फळी दोन इंच वर घेऊ शकतो. रुंद खुर्चीत दोन्ही बाजूंना फोमच्या पट्ट्या बसवता येतात. पण दांड्याची बाजू बदलणे किंवा फ्रेम कापणे या भानगडीत घरच्या घरी पडू नका. हमीची मुदत, पावती आणि दुरुस्ती केंद्राचा पत्ता वाटपाच्या दिवशीच मागून घेतलेला असला म्हणजे तिथे जाता येते. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथे तपासून साधन जुळवून देतात. बाहेरगावी जिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात किंवा जिल्हा अपंग पुनर्वसन केंद्रात विचारावे.

बैठकीची जखम

गाडीच्या आसनावर बहुतेकदा रेक्झिनने मढवलेला पातळ फोम असतो. ज्यांना कमरेखाली जाणीव आहे ते दुखले की आपसूक हलतात. मणक्याला मार बसलेल्यांना जाणीव नसते. बैठकीची हाडे, माकडहाड, कुल्ल्याची बाजू, टाच या ठिकाणी कातडी तासन् तास दबून राहते, तिथले रक्त थांबते आणि आतले मांस मरायला लागते. वरून छोटा डाग दिसतो, आत खड्डा झालेला असतो. ही जखम चिघळली तर हाडापर्यंत जाते, विष रक्तात पसरते आणि माणूस दगावतो. मणक्याचा मार सोसून वाचलेली माणसे या जखमेने जातात. म्हणून हे कंटाळा न करता वाचा.

आसनावर दोन ते तीन इंच जाडीचा, दाबला तर पुन्हा वर येणारा घट्ट फोम हवा. तो पुरतो का हे ओळखण्याची सोपी रीत आहे. माणूस गादीवर बसला की घरच्याने गादी आणि बैठकीचे हाड यांच्यामध्ये बोटे सरकवावीत. हाडाखाली बोटे थोडी हलली तर ठीक. बोटे अडकून चिमटली तर फोम संपला, दुसरा घ्या. गादीला सुती, ताणणारी खोळ घाला, तिला घडी पडू देऊ नका. मोबाइल, किल्ल्या, पाकीट मागच्या खिशात ठेवून बसू नका. मध्ये भोक असलेली रिंग किंवा सायकलची ट्यूब बसायला वापरू नका. मऊ वाटते खरी, पण भोवतीचे रक्त तीच अडवते.

दर पंधरा-वीस मिनिटांनी भार हलवायचा. ब्रेक लावून छाती मांड्यांकडे झुकवा, किंवा आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कला, आणि निदान मिनिटभर तसे राहा. हातांवर जोर देऊन वर उचलण्याची रीतही आहे, पण खांदे दुखत असतील तर झुकणेच बरे. रिक्षा स्टँडवर लॉटरी विकणारे एक काका सिग्नल लाल झाला की झुकतात, त्यांना घड्याळ लागत नाही. अशी आपापली खूण प्रत्येकाने शोधावी.

रात्री कपडे बदलताना आरशाने किंवा घरच्याच्या मदतीने बैठक, माकडहाड आणि टाचा पाहायच्या. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असे नाही. म्हणून हात फिरवून बघा: एखादी जागा भोवतीपेक्षा गरम लागते का, कडक किंवा पिठासारखी मऊ लागते का, रंग गडद झाला आहे का. तसे आढळले तर ती जागा पूर्ववत होईपर्यंत त्यावर बसायचे नाही, पालथे किंवा कुशीवर झोपायचे. एक दिवसाचा धंदा बुडेल, पण दोन महिने वाचतील. त्या जागी चोळू नका. हळद, चुना, तंबाखू, विडीची राख काही लावू नका. कातडी फाटली असेल तर दवाखाना, आणि ताप, पू किंवा दुर्गंधी असेल तर त्याच दिवशी.

आणखी दोन गोष्टी याच घरातल्या. उन्हात उभ्या गाडीची लोखंडी फळी आणि रेक्झिन तापते, आणि बधिर पायाला भाजलेले कळत नाही. बसण्याआधी जाणीव असलेल्या हाताने चाचपून घ्या, वर ओले फडके फिरवा. कुष्ठरोगाने हाताची जाणीव गेलेल्यांनी दांड्याच्या मुठीवर जाड कापड किंवा फोम गुंडाळावा आणि रोज संध्याकाळी तळहात बघावेत. फोड येऊन फुटला तरी त्यांना दुखत नाही.

चालवताना

तीन चाकांची गाडी उभी असताना पडत नाही, पण वळणावर वेगात असली तर बाहेरच्या बाजूला उलटते. वळणाआधी वेग कमी करा, अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा. भाजीची किंवा मालाची पिशवी दांड्याला एका बाजूला अडकवू नका. ओझे मागे, दोन चाकांच्या मध्ये, खाली ठेवा. मुलांना मागे लोंबकळू देऊ नका. ओढणी, पदर, लुंगी, मफलर चाकाच्या तारांत जातो, म्हणून मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला पत्रा किंवा जाळी बसवून घ्या. बधिर पाय फळीवरून घसरून पुढच्या चाकात जाऊ शकतो. तो रुंद, मऊ पट्ट्याने सैलसर बांधा, आवळून नव्हे. मागे लाल रेडियमची पट्टी लावा, कारण गाडी ट्रकवाल्याच्या नजरेच्या बरीच खाली असते.

गाडीवर चढता-उतरताना आधी ब्रेक, मग हालचाल. ब्रेक एकाच चाकाला लागत असेल तर दुसऱ्या चाकाखाली वीट लावा.

आणि ढकलणाऱ्यांसाठी: आधी विचारा. आपण मदत म्हणून मागून जोर देतो तेव्हा त्या माणसाची बोटे दांड्यावर किंवा ब्रेकवर असतात, त्याचा तोल त्याच्या हिशेबाने असतो. विहाराच्या पायऱ्यांपाशी चौघे मिळून गाडीसकट उचलतात, त्यात प्रेम असते, पण उचलून नेले जाणे कुणालाच आवडत नाही. उतार बांधणे जास्त चांगले. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा, असे प्रमाण धरतात. तेवढी जागा नसेल तर उतार मध्ये वळवून घेता येतो. महाराष्ट्रात महापालिकेपासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रत्येक संस्थेने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांच्या कामासाठी खर्च करायचे असतात. वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामसभेत लेखी अर्ज करून पोच घ्या.

गाडी टिकवायची कशी

चांगली गोष्ट ही की तीनचाकी म्हणजे शेवटी सायकलच. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर, छर्रे हे बहुतेक गाड्यांत नेहमीच्या सायकलचेच असतात. सायकलवाला नाही म्हणाला तर टायरवर छापलेले माप वाचून दाखवा, त्याला पटेल.

हवा ही पहिली गोष्ट. अंगठ्याने जोरात दाबले तरी टायर जेमतेम दबला पाहिजे. कमी हवेत हाताला दुप्पट कष्ट पडतात आणि ट्यूब रिमला चिमटून फाटते. मागच्या दोन्ही चाकांत सारखी हवा ठेवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते आणि माणसाला वाटते आपला हातच कमजोर झाला. आठवड्यातून एकदा ब्रेक दाबून गाडी ढकलून बघा. चाक फिरले तर रबर बदलायचे, ते फार महाग नसते. चेन मध्यावर बोटाने दाबली तर साधारण अर्धा इंच हलावी. सैल असेल तर उतरते, फार ताठ असेल तर दांडा जड होतो. महिन्यातून एकदा रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने चेन साफ करून वर शिवणयंत्राचे तेल थेंबथेंब सोडा आणि वरचे तेल पुसून टाका. गाड्यांचे जळके ऑइल फुकट मिळते म्हणून ओतू नका. त्यावर धूळ बसून चेन घासली जाते.

चाकाच्या तारांवर पेन्सिल टेकवून चाक फिरवा. सैल तारेचा आवाज बद्द येतो. एक तार सैल सोडली की शेजारच्या तुटतात आणि चाकाला आऊट येतो. आसनाखालचे वेल्डिंग आणि पुढचा चिमटा यांवर गंजाची बारीक रेघ दिसली तर त्याच दिवशी वेल्डरकडे. चिमटा चालत्या गाडीत तुटला तर माणूस तोंडावर पडतो.

पावसाळ्यात गटाराचे पाणी लागलेली गाडी घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवून फडक्याने कोरडी करा, नाहीतर खालून गंजते. झाकायला शिबिराचाच जुना फ्लेक्स उत्तम, तेवढा तरी त्याचा उपयोग. मात्र खालची बाजू मोकळी ठेवा, कोंडलेल्या वाफेने गंज लवकर येतो. फोमची गादी रात्री घरात घ्यावी. ओल्या गादीवर बसल्याने कातडी मऊ पडते आणि जखम लवकर होते. पावसाळा संपला की एकदा ओव्हरऑइलिंग करून घ्या: छर्रे, ग्रीस, चेन सगळे एकदम.

एकेका घराला पंप, पाने आणि जादा ट्यूब ठेवणे परवडत नाही. विहारात किंवा तरुण मंडळाच्या कपाटात एक पंप, पान्यांचा संच, ब्रेकचे रबर, दोन ट्यूब आणि तेलाचा डबा ठेवला तर वस्तीतल्या सगळ्या तीनचाक्यांचे भागते. महिन्यातल्या एका रविवारी सायकल दुरुस्ती येणाऱ्या पोराने तासभर बसावे. आणि ती गोधड्या वाळत घालायची गाडी तिथे आणावी. तिची मागची दोन चाके, आसन आणि चेन अजून चांगली असण्याची शक्यता बरीच आहे. पुढचे चाक शौचालयापाशी उभ्या असलेल्या गाडीला बसते का तेवढे पाहायचे.